चिंचोक्यांची विहीर

घमेल्यात साठ चिंचोके. भोवती सहा जण. प्रत्येकाने एका फेरीत एकदाच हात घालायचा आणि हवे तितके चिंचोके उचलायचे, जास्तीत जास्त दहा. बोलायचं नाही, मूठ उघडून दाखवायची नाही. फेरी संपली की घमेल्यात जितके उरले असतील तितकेच आणखी मी वरून टाकायचे, पण एकूण साठाच्या वर नाही. घमेलं म्हणजे गावची विहीर, चिंचोके म्हणजे पाणी आणि मी टाकायचे तो पाऊस.

हिशेब पोरांनाही जमेल असा आहे. प्रत्येकाने पाचच उचलले तर तीस जातात, तीस उरतात, पावसाने पुन्हा साठ होतात. विहीर कधी आटतच नाही. पण गावोगाव हा डाव मांडताना मी पाहत आले, की पहिल्या खेपेला बहुतेक ठिकाणी दुसऱ्या फेरीतच घमेल्याचा तळ दिसतो. तिसऱ्या फेरीत शेवटच्याचा हात पत्र्यावर नुसता खरवडतो. त्या आवाजाने शाळेची खोली गप्प होते. बालाघाटाच्या डोंगरात, जिथे फेब्रुवारीतच विहिरीतली मोटर खडखडायला लागते, तिथे तो आवाज कशाचा आहे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मी गावांमध्ये पाण्याच्या ताळेबंदाच्या कार्यशाळा घेते. कागदावर माझं पद ‘सुलभक’ असं आहे. गावात मला ट्रेनिंगवाल्या ताई म्हणतात. या कामात वीस वर्षं झाली आणि त्यातली पहिली बरीच वर्षं मी हे काम चुकीचं करत होते, असं आज मला वाटतं. त्याबद्दलच लिहायचं आहे.

सुरुवातीला खेळ म्हणजे माझ्यासाठी जेवणानंतरची पेंग उडवायचं साधन होतं. एका बोटाने टाळी, मग दोन बोटांनी, मग पूर्ण तळव्याने, अशी ‘पावसाची टाळी’ घ्यायची. बायकांना उठवून ‘मामाचं पत्र’ खेळायला लावायचं. सगळे हसायचे, पदर सावरत पळायचे, फोटो छान यायचे. आणि मग खाली बसवून मी तासभर तेच बोलायचे जे खेळ नसता तरी बोलले असते. एका कार्यालयाने दिलेल्या वेळापत्रकात तर लिहिलेलंच होतं: खेळ पंधरा मिनिटं, चर्चा पाच मिनिटं. मी ते निमूट पाळत होते. आता माझं प्रमाण याच्या उलट आहे. चिंचोक्यांचा डाव वीस मिनिटांत होतो, त्यावरचं बोलणं तास-दीड तास चालतं आणि ते मध्येच तोडायचं नाही हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. कारण डावात माणसाचा हात आधी बोलून जातो. तोंडाला ते मान्य करायला वेळ लागतो.

माझं मत पहिल्यांदा बदललं ते रांगोळीने. गावाचा नकाशा काढायला मी चार्ट पेपर आणि स्केचपेन द्यायचे. स्केचपेन नेहमी त्याच हातांत जायचं: ग्रामपंचायतीचा शिपाई, बारावी झालेला पोरगा, एखादे निवृत्त गुरुजी. बायका भिंतीला टेकून बघत राहायच्या आणि विचारलं तर म्हणायच्या, “आमाला काय लिव्हाय येतंय ताई.” एका गावी चार्ट पेपर आणायचे राहिले. मी दुकानातून दोन किलो पांढरी रांगोळी, थोडा गुलाल आणि हळद आणवली आणि देवळापुढच्या फरशीवर नकाशा काढा म्हटलं. पाच मिनिटांत सगळं उलटं झालं. पुरुष उभे राहिले आणि बायका खाली बसल्या. चिमटीतून रांगोळी सोडणं हे त्यांचं रोजचं काम. त्यात कोणी त्यांना शिकवायला आलं नाही.

पुरुष नकाशा काढायचे तेव्हा डांबरी रस्त्यापासून आणि मारुतीच्या देवळापासून सुरुवात करायचे. या बायकांनी हातपंपापासून केली. मग आड, मग ओढ्यातला झिरा, मग घरं. रस्ता सगळ्यात शेवटी आला, तोही कोणी आठवण दिली म्हणून. आणि वस्तीपासून विहिरीपर्यंतची वाट त्यांनी इतकी लांब काढली, की तिच्यापुढे तालुक्याचा रस्ता आखूड दिसत होता. उभ्या असलेल्यांपैकी एकाने हरकत घेतली, की हे मापात नाही. रांगोळी सोडणारी बाई वर न बघता म्हणाली, “रिकामं जाताना जवळ हाय. भरून येताना एवढंच हाय.” मी त्या वाटेच्या कडेला काहीच लिहिलं नाही. कार्यालयात द्यायच्या अहवालात मात्र तो नकाशा ‘प्रमाणबद्ध नसल्याने’ दुसरा काढून जोडावा लागला. याचं मला अजून वाईट वाटतं. मी तेव्हा भांडायला हवं होतं.

गावाने स्वतःच्या हाताने जमिनीवर नकाशे काढायचे, बी-दाणे मांडून हिशेब करायचे, या पद्धतीला आमच्या क्षेत्रात पीआरए म्हणतात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून ती भारतात रुजली. तिचा जगभर प्रसार करणाऱ्यांत इंग्लंडच्या ससेक्समधले रॉबर्ट चेंबर्स यांचं नाव आघाडीवर येतं. जमिनीवर रेघा ओढायची काठी प्रशिक्षकाने गावकऱ्याच्या हातात द्यावी, हा तिचा गाभा. मी हे वाक्य प्रशिक्षणांतून शंभर वेळा ऐकलं होतं, स्वतः शिकवलंही होतं. काठी द्यायची म्हणजे नेमकं काय द्यायचं, हे मात्र मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने चिंचोक्यांच्या डावात दाखवलं.

ती गोष्ट लातूरच्या पाणीगाडीनंतरच्या वर्षातली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. ती गाडी मराठवाड्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात बसली होती, म्हणून मी हिशेब शिकवायला तेच माप घ्यायचे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं, म्हणजे साधारण एक टँकर. शंभर टँकर म्हणजे एक टीसीएम, हजार घनमीटर. त्या मापाने पाणीगाडीची पहिली खेप म्हणजे अर्धा टीसीएम. आणि पाटाने पाणी दिलेल्या एका एकर उसाला वर्षाकाठी ऐंशी लाख लिटर तरी लागतं. म्हणजे अशा सोळा गाड्या. एका एकराला. हा आकडा फळ्यावर मांडला की पुरुषांच्या रांगेत चुळबुळ सुरू होते, कारण प्रत्येक जण मनात आपल्या उसाच्या गाड्या मोजत असतो.

त्या दिवशी हिशेब झाला होता आणि डाव चालू होता. दुसरी फेरी संपली, घमेल्यात बारा चिंचोके उरले होते. मी नियमाप्रमाणे आणखी बारा टाकले. मागे खांबाला टेकून बसलेले एक आजोबा, डोक्याला पटका, डावात नव्हतेच, ते म्हणाले, “ताई, जरा थांबा. तुमचा पाऊस शिल्लक बघून पडतो व्हय?”

मला आधी कळलंच नाही. ते पुढे म्हणाले, “इहिरीत किती उरलंय ते बघून ढग येतात का? कोरडी पडली तरी एखादं साल धो धो पडतं. तुडुंब असली तरी पुढच्या साली टिपूस नाही. तुमचा खेळ माशांचा वाटतो. मासे उरले तर मासे होतील. पाण्याचं तसं नसतं.”

त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. उरलेलं दुप्पट होण्याचा नियम मूळचा मासेमारी आणि चराई यांच्यावर बेतलेल्या डावांतला. तिथे बीज उरलं तरच पुढची पैदास होते. कोणीतरी तो उचलून पाण्याला लावला होता, मला प्रशिक्षणात तो तसाच मिळाला होता आणि मी तो कित्येक गावांत तसाच खेळवला होता. एकाही वेळी माझ्या मनात शंका आली नव्हती. शेती कसणाऱ्यांच्या मनात ती आधीच्या गावांतही आली असणार. पण तिथे खेळ माझा होता, नियम माझे होते, आणि शाळेच्या खोलीत बाईंना हटकायचं नाही हे माणसं लहानपणीच शिकलेली असतात.

मी विचारलं, “मग आजोबा, पाऊस कसा पाडायचा?”

त्यांनी घरून कवड्या आणवल्या. सहा कवड्या. फेरी संपली की त्या फेकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितके दहा-दहा चिंचोके घालायचे. चार उताण्या तर चाळीस, एक तर दहा, सगळ्या पालथ्या तर दुष्काळ. आणि घमेलं साठाला भरलं की वरचे बाजूला सांडायचे. “आपला कातळ काय वाळूसारखा पाणी धरतो का? भरलं की वढ्यानं चाललं,” हे त्यांचंच स्पष्टीकरण. बसाल्टच्या खडकात पाणी साठायला जागा किती थोडी असते, पडलेल्या पावसातलं दहा-बारा टक्के मुरलं तरी कसं पुष्कळ म्हणतात, हे मी आकृत्या काढून सांगायचे. त्यांनी ते एका वाक्यात डावात घातलं.

नियम बदलला आणि सगळा डाव बदलला. आधी ‘पाच-पाच उचला’ हे एकदा कोणाच्या लक्षात आलं की डाव सुटला, गणितासारखा. आता कायमचा असा आकडाच उरला नाही. एका फेरीत पन्नास आले, पुढच्या फेरीत दहा. आता प्रत्येक फेरीआधी घमेल्यात डोकावून, मोजून, आपसात बोलून ठरवावं लागत होतं की या खेपेला किती. बोलायचं नाही हा माझा नियमही त्यांनीच मोडला, मी तो सोडून दिल्याचं जाहीरसुद्धा केलं नाही. पाऊस संपल्यावर, रब्बीची पेर व्हायच्या आधी, विहिरींच्या पातळ्या मोजून पिकं ठरवायची हे ताळेबंदाचं सगळं मर्म त्या फेऱ्यांत आलं होतं. हिवरे बाजारच्या ग्रामसभेत दर वर्षी पावसानंतर हेच होतं: पाणी किती आहे ते आधी, पीक कोणतं ते नंतर. मी ते चित्रफितीत दाखवायचे आणि लोक म्हणायचे, ते गाव वेगळं, तिथे पोपटराव पवारांसारखा पुढारी आहे. कवड्या हातात आल्यावर कोणी तसं म्हणालं नाही.

त्याच डावात पुढे वाद लागला. एकाचं म्हणणं, “माझं रान वीस एकर, याचं दोन. दोघांना सारखे चिंचोके कसे?” दुसरा म्हणाला, त्याच्या घरात खाणारी तोंडं नऊ आहेत. मी मध्ये पडले नाही. बराच वेळ ते भांडले, आवाज चढले, एक जण उठून बाहेर जाऊन तंबाखू मळून परत आला. मग मी पुरंदरमधल्या नायगावची हकिकत सांगितली. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाणी जमिनीवर वाटलं नाही, माणसांवर वाटलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस घ्यायचा नाही. ही हकिकत मी पूर्वी सकाळच्या सत्रातच सांगून टाकायचे. लोक आदराने ऐकायचे आणि विसरायचे. त्या दिवशी ती भांडणाच्या मधोमध पडली. वीस एकरवाल्याने विचारलं, “मग तिथल्या मोठ्या शेतकऱ्यानं ऐकलं कसं?” हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. त्यावर आम्ही अंधार पडेपर्यंत बोललो. त्यातून गावाने काही ठराव केला नाही. वीस एकरवाल्याचा ऊस पुढच्या वर्षीही उभा होता. तरी ती संध्याकाळ मी वाया गेलेली मानत नाही, कारण पाण्याच्या वाटणीवर त्या गावात तोवर फक्त पाठीमागे बोललं जायचं.

आता एका वेगळ्या दिवसाबद्दल. तो आठवला की मला अजून झोप लागत नाही.

‘एक पाऊल पुढे’ नावाचा खेळ आमच्या क्षेत्रात बराच चालतो. सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं. सुलभकाने एकेक वाक्य म्हणायचं आणि ज्याला ते लागू पडतं त्याने एक पाऊल पुढे जायचं. शेवटी कोण कुठे उभं आहे त्यावरून विषमता डोळ्यांना दिसते. मूळ पद्धतीत प्रत्येकाला चिठ्ठीवर दुसऱ्याच कोणाची तरी भूमिका दिलेली असते. मला वाटलं, चिठ्ठ्या कशाला, खरंच काय आहे तेच दिसू दे. मी वाक्यं म्हणत गेले. ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांनी पुढे. ज्यांच्या दारात नळ आहे त्यांनी पुढे. गावातल्या कोणत्याही विहिरीवर पाणी भरताना ज्यांना कधी कोणी अडवलं नाही त्यांनी पुढे.

शेवटी चार बायका भिंतीजवळ उभ्या होत्या. सुरुवातीला जिथे होत्या तिथेच. बाकीचे सगळे पुढे, त्यांच्याकडे पाठ करून. मी म्हणाले, “मागे वळून बघा.” सगळ्यांनी बघितलं. खोली शांत झाली आणि ती शांतता मला परिणामकारक वाटली. मी वहीत तसं लिहिलंही.

दुसऱ्या दिवशी त्या चौघी आल्या नाहीत. मी दुपारी वस्तीत गेले. त्यातली एक बाई शेणाने सारवत होती, हात थांबवला नाही. म्हणाली, “ताई, आमी मागं हाव ते आमाला म्हाईत हाय. त्यांनाबी म्हाईत हाय. मग तुमी काल कुणाला दावलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दाखवलं होतं ते मलाच आणि माझ्या वहीला. ज्या महाराष्ट्रात १९२७ साली तळ्यातल्या ओंजळभर पाण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला, तिथे विहिरीवर अडवलं जाण्याची गोष्ट मी एका पावलाच्या खेळाइतकी हलकी करून टाकली होती. आणि त्या चौघींना नाही म्हणायची सोय ठेवली नव्हती. ओळीत उभं राहिल्यावर पुढे जायचं की नाही हे त्यांच्या हातात नव्हतंच. मी त्यांची माफी मागितली. त्या बाईने मान हलवली, चहा केला. ती पुन्हा कार्यशाळेला आली नाही आणि ते बरोबरच होतं. तो खेळ मी त्यानंतर खऱ्या माहितीवर कधीच घेतला नाही. आता चिठ्ठ्यांवर भूमिका असतात, चिठ्ठी परत ठेवून बाहेर बसायची मुभा असते आणि ती मुभा मी पहिल्यांदा सांगते, शेवटी नाही.

या दोन दिवसांनी मला एकच गोष्ट शिकवली असं मी धरून चालते. आजोबांना माझा नियम मोडता आला, म्हणून तो डाव त्यांचा झाला. त्या चौघींना मोडता आला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हसले, खाली बसून दाणे मांडले, एवढ्यावरून त्यांचा सहभाग आहे असं मी आता म्हणत नाही. मी बघते की दुपारपर्यंत माझा एखादा तरी नियम कोणी बदलला का. नसेल बदलला तर मला काळजी वाटते. कार्यालयांना हे अहवालात कसं लिहावं ते कळत नाही, कारण त्यांच्या रकान्यात उपस्थिती, महिला किती, छायाचित्रं किती एवढंच असतं. मी त्यांना प्रत्येक वेळी पत्राने कळवते की आणखी एक रकाना घाला: गावाने काय बदललं. अजून घातलेला नाही. मी पुढेही कळवणार आहे.

गेल्या दिवाळीनंतरची कार्यशाळा दीड हजार वस्तीच्या एका गावात होती. सकाळी आम्ही पिण्याच्या पाण्याचा हिशेब केला. जलजीवन मिशन माणशी रोज ५५ लिटर धरतं. दीड हजार माणसांना वर्षाचं तीन कोटी लिटर लागतं, म्हणजे तीस टीसीएम. एका बचत गटाच्या सचिव असलेल्या मुलीने लगेच मोबाइलवर भागाकार करून सांगितलं, की हे पावणेचार एकर उसाचं पाणी झालं. सबंध गावाचं वर्षभराचं पिणं, रांधणं, धुणं आणि पावणेचार एकर. ती तो आकडा दोनदा म्हणाली. गावात ऊस किती एकर होता ते तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

दुपारी डाव मांडला. कवड्यांचा, आता मी तोच मांडते. सहा खेळाडूंत एक म्हातारी होती, बसताना गुडघा धरून बसलेली. पहिली फेरी सुरू व्हायच्या आधीच तिने घमेल्यात हात घातला, एक मूठ उचलली, पदराच्या टोकात बांधली आणि गाठ मारली.

“आजी, अजून सुरू नाही झालं,” सरपंच म्हणाले.

“तुमचं नाही झालं,” ती म्हणाली. “हे पिण्याचं. ह्याला हात लावायचा नाही.”

दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहिलं. एक जण म्हणाला, की असं नियमात नाही, ताई तुम्ही सांगा. मी माझ्या वहीत बघत राहिले. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग शेजारच्याने घमेल्यातले उरलेले मोजले, बेचाळीस भरले, आणि त्याने ते मोठ्याने सांगितलं. डाव बेचाळीसांवर सुरू झाला.

पहिल्या फेकीला तीन कवड्या उताण्या पडल्या, दुसऱ्या फेकीला एक, तिसऱ्या वेळी सगळ्या पालथ्या. चौथ्या फेरीत घमेलं रिकामं झालं, पत्रा खरवडला. पाच जणांची नजर आजीच्या पदराकडे गेली. तिने गाठ सोडली नाही, उलट पदर कमरेला खोचला आणि सरपंचांना म्हणाली, “टाका कवड्या.”